नाना सभेला हजर होते

माझे वडील वारल्यानंतरही सात वर्षं संस्थेच्या वार्षिक सभेला हजर होते. हजेरीच्या वहीत दर वर्षी त्यांची सही आहे. ठसठशीत, खाली रेघ मारलेली. ती सही मी करत होते.

हे आता मी कोणालाही सांगते. सरकारी कागदावर लिहून दिलंय, मग लाजायचं कोणाला? ज्यांनी मला नावं ठेवली त्यांच्या घरातले मेलेलेही सभेला हजर होतेच की! फक्त त्यांनी लिहून दिलं नाही, मी दिलं, एवढाच फरक. पण शहाणपण सगळं नंतर सुचलं. ते पाच दिवस मी वेड्यासारखी जळगाव, गाव, धुळे करत होते आणि मला वाटत होतं, आपण काहीतरी वाचवतोय.

आमचं गाव तापीकाठी, धुळे जिल्ह्यात. नदीवर मोटारी बसवून पाणी वर शेतांपर्यंत चढवायचं, एवढ्यासाठी गावाने फार वर्षांपूर्वी सहकारी संस्था काढली. सभासदाने शेअर घ्यायचे, विजेच्या बिलापोटी अनामत भरायची आणि पाळी आली की पाणी घ्यायचं. नानांनी अगदी सुरुवातीला शेअर घेतले. नाना म्हणजे माझे वडील. गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायचे. पुढे माझं लग्न झालं, नंतर त्यांचं आजारपण निघालं, आणि या दोहोंत जमीन गेली. जमीनच नाही तर पाणी कशाला हवं? पण शेअर आणि अनामत संस्थेतच पडून राहिली. नाना मानी माणूस. जमीन विकली हे संस्थेत जाऊन सांगावं लागेल म्हणून त्यांनी स्वतःचे हक्काचे पैसेही मागितले नाहीत. मग ते वारले आणि मागणारं कोणीच उरलं नाही.

आता ती वहीची गोष्ट. वार्षिक सभा सप्टेंबरात असते आणि सभेला माणसं लागतात, नाहीतर ठराव होत नाहीत. पण सप्टेंबरात गावात असतं कोण? अर्धे सुरतेला, उरलेले शेतात. म्हणून आमच्या गावाने आपला मार्ग काढला. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते तेव्हा घरंच्या घरं भरलेली असतात. परगावची माणसं आलेली, आम्ही माहेरवाशिणी आलेल्या, दारात चपलांचा ढीग. कानबाईचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी आबा बगलेत वही आणि मागे हातगाडीवर स्टीलचे डबे घेऊन निघायचे. सही करा, डबा घ्या. सभा महिनाभराने, पण सह्या आजच. जो सुरतेला आहे त्याची त्याच्या भावाने करायची. जो देवाघरी आहे त्याची पोराने करायची. यात काही चूक आहे असं कोणाच्या मनातही येत नव्हतं. पाहुणचारासारखी गोष्ट होती ती. आबांना चहा द्यायचा, सही करायची, डब्याचं झाकण घट्ट बसतं का ते बघायचं.

नाना वारले त्या वर्षी आबा आमच्या दारात आले आणि नावावर बोट ठेवून थांबले. वाचावं की नाही, त्यांना समजेना. तेवढ्यात आई चुलीपासून उठून पदराला हात पुसत आली आणि मला म्हणाली, "सही करी टाक ना माय. नाव चालू ऱ्हाऊ दे."

मी केली. मला नानांची सही छान यायची. सहावीत गणितात नापास झाले होते तेव्हा प्रगतिपुस्तकावर त्यांची सही मीच ठोकून दिली होती आणि त्यापायी मारही खाल्ला होता. आबांनी वहीच्या पानाचा वरचा भाग मुडपलेला असायचा, बोट खाली रकान्यात. "आठे कर." आठे म्हणजे इथे. मी तिथे करायचे. वर काय लिहिलंय हे सात वर्षांत एकदाही बघितलं नाही. कोण बघतं?

आता माझं. मी जळगावच्या पिंप्राळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. नवऱ्याचं विचारू नका. तो कामासाठी सुरतेला गेला तो तिथलाच झाला. मला एकच मुलगी आहे आणि ती हुशार आहे. मी आई आहे म्हणून म्हणत नाही, मार्क म्हणतात. तिचा एकच ध्यास, नर्स व्हायचं. लहानपणी तिला कावीळ झाली तेव्हा सिव्हिलमधल्या एका सिस्टरने रात्रंदिवस बघितलं होतं, तेव्हापासूनचं ते. बारावीनंतर दोन वर्षं ती यादीतून थोडक्यात हुकली. तिसऱ्या वर्षी धुळ्याच्या कॉलेजात नंबर लागला. त्या दिवशी मी मशीनवरून उठून खाली सगळ्या आळीत पेढे वाटले.

पेढे वाटून आले आणि तिने मोबाइलवर फीचा कागद दाखवला. पहिला हप्ता, हॉस्टेल, गणवेश, पुस्तकं. स्कॉलरशिप येते म्हणे, पण ती मागाहून. आधी आपण भरायचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरले नाहीत तर जागा पुढच्या मुलीला. माझ्याकडे बारा हजार होते. अजून तीस हवे होते. बचत गटाचं कर्ज आधीच डोक्यावर होतं, मशीनसाठी घेतलेलं. मंगळसूत्रातले मणी तेवढे माझे, सोनं कधीच गेलेलं. भावकीत फोन केले. सगळ्यांनी मुलीचं कौतुक केलं. कौतुकाला पैसे पडत नाहीत ना!

रविवारी दुपारी आमच्या गावच्या माहेरवाशिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. संस्थेच्या ऑफिसला रंग देत होते, तेव्हा भिंतीवरचा फळा उतरवला आणि त्याला चिकटवलेल्या यादीचा कोणीतरी फोटो काढून टाकला होता. खाली लिहिलेलं, 'बघा गं, कोणाच्या बापाचं काही आहे का.' मी बोटांनी फोटो मोठा केला. वर मथळा होता: सभासदांच्या मागणी न केलेल्या रकमा. सभासद नंबर एक्केचाळीस, तिथे नाना होते. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. समोर एकतीस हजार आणि वर काही.

मी किंचाळलेच. मुलगी आतून धावत आली, तिला वाटलं बोटात सुई गेली. तिने फोटो पाहिला, तीनदा वाचला आणि मला मिठी मारली. "नानांनी भरली गं माझी फी," म्हणाली. संध्याकाळी आम्ही दोघी मेहरूण तलावावर गेलो, भेळ खाल्ली, तिने मला तिथल्या तिथे इंजेक्शन कसं धरतात ते भेळेच्या काडीने दाखवलं. इतकं हसलो की शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. तेवढं सुख मात्र मिळालं, ते नाकारत नाही.

सोमवारी पहाटेच्या गाडीने निघाले. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून, नाहीतर त्या आठवड्यातल्या चकरा मला झेपल्याच नसत्या. गावात आईकडे गेले, पत्र्याच्या पेटीतून नानांचा मृत्यूचा दाखला काढला, घर आईच्या नावावर करताना काढलेले वारसाचे कागद काढले आणि तशीच नदीकडे संस्थेच्या ऑफिसात गेले. आबा खुर्चीत बसले होते. थकलेत आता. मला बघून खूश झाले, "ये बेटा" म्हणाले. मी दाखला पुढे ठेवला आणि म्हटलं, "आबा, नानांचे पैसे न्यायला आले."

आबांनी दाखल्याकडे पाहिलं आणि तो उलटा करून टेबलावर ठेवला. जणू कोणाला दिसू नये. मग उठून दार लोटलं.

"तू हाऊ कागद कसाले आना?" हा कागद कशाला आणलास, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"म्हणजे काय? वारसाला दाखला लागणारच ना!"

"ते पैसे आता नाहीत पोरी. गेल्या वर्षी ठराव झाला. यादी महिनाभर फळ्यावर लावली, कोणी आलं नाही. मग ती रक्कम राखीव निधीत गेली. त्यातून नवी मोटार घेतली." त्यांनी खिडकीकडे हात केला. खाली नदीवर मोटारींची घरघर चालू होती. "पोटनियमातच शे तसं."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, फळ्यावर लावली म्हणजे काय? फळा तुमच्या ऑफिसच्या आत, ऑफिसला कुलूप, मी जळगावला, आई पायाने अधू. तुम्ही दर वर्षी डबा घेऊन घरी येता, तेव्हा तोंडाने सांगता आलं नाही? आबा नुसते चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, धुळ्याला सहकार खात्याच्या ऑफिसात जा, तिथल्या मॅडम चांगल्या आहेत, काही होत असेल तर त्याच करतील. आणि दारापर्यंत येऊन म्हणाले, "मनं नाव नको सांगजो." माझं नाव सांगू नकोस. तेव्हा मला त्यातली मेख समजली नाही. मला वाटलं, म्हातारा घाबरट आहे.

मंगळवारी धुळ्याला गेले. मॅडम खरंच चांगल्या होत्या. हे सांगायलाच हवं, कारण नंतर लोकांनी त्यांच्याबद्दलही वाटेल ते बोलून घेतलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताई, तुमची केस सरळ आहे. सभासद मयत असेल तर नुसती फळ्यावर यादी लावून चालत नाही. वारसांना घरच्या पत्त्यावर नोटीस पाठवावी लागते. ती पाठवली नसेल तर रक्कम परत द्यावी लागेल. राखीव निधीत गेली असली तरी."

मी खुर्चीतच हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं. शुक्रवारपर्यंत होईल का विचारलं. त्या म्हणाल्या, कागद स्वच्छ असतील तर मी आजच संस्थेला फोन करते. आणि त्यांनी शिपायाला आमच्या संस्थेची फाइल आणायला सांगितली.

फाइल आली. त्यांनी गेल्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त काढलं, बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. मग नानांचा मृत्यूचा दाखला उचलून तारीख बघितली. मग पुन्हा फाइल.

"ताई, तुमचे वडील सभेला हजर होते."

मी दाखल्याकडे बोट केलं.

"हा बघा ठराव. मागणी न केलेल्या रकमांची यादी सभेत वाचून दाखवली. महिन्याची मुदत दिली. मुदतीत मागणी न आल्यास रक्कम राखीव निधीत वर्ग करावी. सर्वानुमते मंजूर. आणि खाली हजर सभासदांच्या सह्या. एक्केचाळीस नंबर. त्यांनी स्वतः ऐकलं, हरकत घेतली नाही, मंजुरी दिली." त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. "मग नोटीस कोणाला पाठवायची?"

वर मुडपलेला भाग आता उघडा होता. सात वर्षं आबांच्या बोटाखाली जे पान होतं ते पहिल्यांदा मी पूर्ण पाहिलं. वर ठराव, खाली माझी रेघ. नानांचे पैसे मोटारीत घालायला मीच मंजुरी दिली होती. एका डब्यासाठी! मला वाटलं, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी तिथेच.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे सभेला नव्हते, हे सिद्ध करायचं असेल तर ही सही त्यांची नाही असं कोणीतरी लिहून द्यावं लागेल. आणि ज्याने केली त्याला कबूल करावं लागेल. मग त्याचं जे व्हायचं ते होईल. आणि एक सही खोटी निघाली की मला बाकीच्याही तपासाव्या लागतील. विचार करून या."

मी उठले. बसस्टँडपर्यंत चालत गेले, रिक्षालाही पैसे टाकवेनात. डोक्यात एकच चक्र. लिहून दिलं तर मी गुन्हेगार, आबा गुन्हेगार, अख्खं गाव अडकणार. नाही दिलं तर पोरीची जागा गेली. आज मंगळवार.

गावात पोचायला संध्याकाळ झाली. आई ओट्यावर बसली होती. मी पिशवी आपटली आणि सुटलेच. म्हटलं, तुझ्यामुळे झालं हे सगळं. दर वर्षी सही कर, सही कर. कशाला हवी होती ती सही तुला? डब्यासाठी? सात डबे आहेत आत, त्यांची पूजा कर आता! आई आत गेली आणि खरोखरच डबे घेऊन बाहेर आली. एकात एक घातलेले. म्हणाली, मोडीत देऊ या का, किती येतील? मला रडावं की हसावं ते समजेना. मी म्हटलं, आई, तीस हजार हवेत गं, तीस हजार!

मग ती खाली बसली आणि म्हणाली, "सभामा त्या बठ्ठास्नं नाव वाचतस. माइकवर. आठे ओट्यावर बसीसन ऐकू येस."

मला ठाऊक नव्हतं. सप्टेंबरात मी कधी गावात नसायचे. सभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणातल्या माइकवरून हजर सभासदांची नावं वाचतात आणि आई वर्षातून एक दिवस या ओट्यावर बसून नानांचं नाव ऐकायची. तिने स्वतः जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. नाना गेल्यावर दुसरं कोणी घेईना. "वरीसमा एक डाव तरी कोनी त्यास्नं नाव लेस," ती म्हणाली. "तेवढंच माले पुरस."

मी तिच्याजवळ बसले. राग कुठे ठेवावा समजेना. आईवर करावा तर ही अशी. आबांवर करावा तर त्यांनी आमच्यावर दयाच केली होती. नवऱ्यावर केला, तो सुरतेला बसून काय कळणार त्याला.

बुधवारी सकाळी आबा आले, बरोबर संस्थेचे दोन पंच. बातमी पोचली होतीच. आबा ओट्याखाली उभे राहिले, वर आले नाहीत. म्हणाले, "बेटा, गावावर केस करशील का? सव्वाशे घरं शेतस. निम्म्या सह्या तशाच. मोटारी बंद पडल्या तर कपाशी जळून जाईल."

मी विचारलं, "मग माझे पैसे द्या. गपचूप द्या. मी कुठे जात नाही."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. संस्थेतून देता येत नाहीत, ठराव लागेल, ऑडिट आहे. वर्गणी काढू म्हणाले. संध्याकाळी वर्गणी आली, दोन हजार आठशे. आबांचे त्यात हजार होते, हेही मला माहीत आहे. मी ते परत पाठवले. पाठवायला नको होते, पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन हजार आठशे! मला भीक घालत होते माझ्याच बापाच्या पैशांऐवजी.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकू भाजी घेऊन आल्या नाहीत. आईचा पाय दुखतो म्हणून त्या रोज आणायच्या. आईने दोनदा दाराकडे पाहिलं, मग भाकरी मिरचीबरोबर खाल्ली.

गुरुवारी मुलगी जळगावहून धुळ्याला आली, मी गावाहून गेले. कोर्टाबाहेर टाइप करणाऱ्याकडून अर्ज करून घेतला. तो विचारत गेला, मी सांगत गेले. 'सदर सह्या मी माझ्या वडिलांच्या नावे, त्यांच्या मृत्यूनंतर, स्वहस्ते केल्या आहेत.' मुलगी बाजूला उभी होती. तिला तोवर मी एवढंच सांगितलं होतं की कागदात थोडी अडचण आहे. तिने टाइप होताना स्क्रीनवर वाचलं. तिचा चेहरा पडला.

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. पोचेचा शिक्का मारला. म्हणाल्या, "धाडस केलंत. मी चौकशी लावते. संस्थेला नोटीस जाईल, त्यांचं म्हणणं येईल, सह्यांची तपासणी होईल. दोन-तीन महिने धरा."

"मॅडम, उद्या फी आहे."

"चौकशीशिवाय मला एक रुपयाही देता येत नाही, ताई. तुमच्या अर्जानेच आता ही रक्कम वादातली झाली."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. मुलगी सांगते, मी त्यांच्या पाया पडायला गेले आणि त्या खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या. शिपायाने मला धरून बाहेर आणलं. तिथून आम्ही कॉलेजात गेलो. बारा हजार घ्या, बाकीचे तीन महिन्यांत देते, लिहून देते, हवं तर इथे झाडू मारते. खिडकीतल्या क्लार्कने ऐकून घेतलं. तो तरी काय करणार? म्हणाला, "ताई, वेटिंगला मुली बसल्यात. शुक्रवारी पाचपर्यंत थांबतो, त्याच्या पुढे माझ्या हातात नाही."

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत आम्ही त्या कॉलेजच्या व्हरांड्यातच होतो. का होतो, सांगता येत नाही. मी फोन लावत होते, ज्यांना आधी लावले होते त्यांनाच पुन्हा. साडेचारला एक बाप मुलीला घेऊन आला, खिडकीत पैसे भरले, पावती घेतली. मुलगी गोड होती, दोन वेण्या घातलेली. माझ्या मुलीने तिला विचारलं, कोणत्या नंबरवर होतीस? ती म्हणाली, वेटिंग एक.

बसस्टँडवर जळगावची गाडी लागायची होती. मुलगी बाकावर बसली आणि तोवर जे दाबून ठेवलं होतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. ओरडली नाही ती. हळूच म्हणाली, "मला लहानपणापासून कोण म्हणायचं गं, वाच, वाच, वाचल्याशिवाय उठायचं नाही? तू एकदा तरी वर वाचायचंस ना, काय लिहिलंय ते."

गाडी लागली, मी दोघींच्या पिशव्या उचलल्या. 

पुढचं थोडंच. गावात सह्यांची तपासणी झाली तेव्हा नुसत्या मेलेल्यांच्याच तेवीस निघाल्या. आबांनी राजीनामा दिला. आईकडे कोणी फिरकेना, म्हणून तिला मी पिंप्राळ्याला आणलं. तिला इथे करमत नाही, खिडकीतून रिक्षा मोजत बसते. चौकशी अजून चालू आहे. मला तारखेला बोलावतात, मी जाते, सही माझी आहे असं पुन्हा सांगते. माझ्यावर काय करायचं हे त्यांचं ठरलेलं नाही. पैसे मोटारीतच आहेत.

मुलगी पुढच्या वर्षी परत फॉर्म भरायला तयार नाही. वय निघून चाललंय म्हणते, आणि तू परत तसलं काही करशील म्हणते. जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात ती आयाचं काम करते. नर्स पुढे चालते, ही मागे ट्रे घेऊन. बेडपॅन धुते, चादरी बदलते. पहिल्या पगाराच्या दिवशी मी तिला डबा द्यायला गेले होते. पंधरा-वीस बायका रांगेत उभ्या होत्या. सुपरवायझर रजिस्टर पुढे करून बोट ठेवत होता आणि बायका भराभर सह्या करून पाकीट घेत होत्या. हिची पाळी आली. तिने त्याचा हात बाजूला केला, रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि पान पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मागच्या बायका कुरकुर करायला लागल्या. सुपरवायझर म्हणाला, काय बाई, परीक्षा आहे का तुझी? तिने उत्तर दिलं नाही. शेवटपर्यंत वाचलं, मग सही केली. मी दारात डबा घेऊन उभी होते, आणि तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.